फ्रान्सच्या हंड्यांना चिंच लागली

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात सत्यभामाबाईच्या पितळेचं नाव होतं. लोकांचं घर दारावरच्या पाटीवरून ओळखतात, हिचं घर ओट्यावर वाळत घातलेल्या घागरींवरून ओळखायचे. सकाळच्या उन्हात त्या अशा काही लखलखायच्या की समोरची म्हातारी रोज कुरकुर करी, "सत्यभामे, उलट्या कर गं त्या घागरी, डोळे फुटून राहिले माझे." सत्यभामा मुकाट्यानं घागरी उलट्या करी. उलट्या बाजूनं त्या आणखीनच चमकत.

ही विद्या तिला फुकट मिळाली नव्हती. आर्वीहून लग्न होऊन जबलपुरात आली तेव्हा ती परकरातच होती. सासूनं दुसऱ्याच दिवशी हातात चिंचेचा गोळा दिला, पुढ्यात राखेचं टोपलं ठेवलं आणि म्हणाली, "पितळेत तोंड दिसलं पाहिजे." पोरीनं घासघास घासलं. तोंड काही दिसेना. तेव्हा सासूनं तिची मान धरून तोंडच घागरीवर आपटलं आणि विचारलं, "दिसलं आता?" समोरचा दात हलला तो हललाच. पण त्यानंतर त्या घरात मळकं भांडं कुणी पाहिलं नाही. सासू गेली, किल्ल्यांचा जुडगा सत्यभामेच्या कमरेला आला, आणि चिंच-राख तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

नवरा भाऊराव भेडाघाटच्या संगमरवराचा ठेकेदार. तेव्हा राज्य नागपुरातून चालायचं, साहेब लोक उन्हाळा पचमढीला काढायचे आणि हिवाळ्यात खाली उतरून इमारती बांधायचे. इमारतींना दगड लागायचा, दगडाला भाऊराव. पैसा झाला तसा त्यांना सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचा नाद लागला. घरात खुर्च्या आल्या, घड्याळ आलं, चहाचे पेले आले. मूल मात्र आलं नाही.

त्याच सुमाराला छावणीतला एक कर्नल विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्याचा लिलाव झाला. भाऊराव टेबल बघायला गेले होते, ते बैलगाडीत पेंढा भरून हंड्यांची जोडी घेऊन आले. कमरेइतके उंच हंडे. मोरपिसाच्या डोळ्यासारखी निळी चिनी माती. पोटावर चित्र होतं. झोपाळ्यावर उघड्या खांद्यांची मड्डम आणि तिच्या पायाशी पांढऱ्या केसांचा टोप घातलेला साहेब. खाली नक्षीची बैठक, वर झाकण, झाकणावर अननसासारखं बोंड. कान असायचे तिथं दोन्ही बाजूंना मेंढ्यांची तोंडं आणि त्यांच्या शिंगांतून लोंबणारे द्राक्षांचे घड. तोंडं, घड, बोंड, बैठक सगळं पिवळंधमक.

"केवढाले हे!" शकुकाकू म्हणाली. ही भाऊरावांची लांबची चुलती. विधवा होती, या घरात स्वयंपाक करायची आणि त्या बदल्यात या घरात राहायची.

"पाणी किती मावतं यात?" सत्यभामेनं विचारलं.

"पाण्याचे नाहीत ते," भाऊराव म्हणाले.

"मग दाणे भरायचे?"

"काही नाही भरायचं. फ्रान्स देशाचे आहेत, आपल्या आज्याच्या आधीचे. नुसते पाहायचे."

"रिकामे हंडे काय पाहायचे?"

"तुला पाहतोच ना मी इतकी वर्षं," भाऊराव म्हणाले आणि गाडीवाल्याला पेंढा उचलायला सांगायला बाहेर गेले.

शकुकाकूनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की दुसरं काही, ते तिचं तिला ठाऊक.

हंडे बैठकीतच राहिले. आतल्या खोल्यांत त्यांना नेणं शक्यच नव्हतं. चिनी मातीत हाडं दळून घालतात असं तेव्हा सगळ्या घरांतून मानत. चहाचे पेलेसुद्धा बाहेरच्या कपाटात असत आणि त्यांना हात लावणारी बाई अंघोळ केल्याशिवाय चुलीकडे फिरकत नसे. हे तर पेल्यांचे बाप. मोलकरणीच्या हातून फुटतील म्हणून भाऊरावांनी तिला मनाई केली, आणि सोवळं मोडतं म्हणून शकुकाकू त्या बाजूला जाईना. मग हंड्यांवरची धूळ सत्यभामेनंच अंघोळीआधी झटकायची असं ठरलं.

दसरा आला. दसऱ्याआधी घरातलं झाडून सगळं पितळ निघतं. समया, घंगाळी, तपेली, पानाचा डबा. हे सगळं चकचकीत झालं तेव्हा सत्यभामेची नजर बैठकीतल्या मेंढ्यांवर गेली. शिंगांच्या वळ्यांत कर्नलसाहेबाच्या बंगल्याची काजळी बसली होती. इतकी वर्षं त्या मडमेनं एकदासुद्धा चिंच लावली नसेल, सत्यभामेच्या मनात आलं. तिला त्या मेंढ्याची दयाच आली म्हणा ना. तिनं चिंच कोळली, राख चाळली, राखेत विटकरीची पूड मिसळली, नारळाची शेंडी घेतली आणि एका मेंढ्याचं तोंड असं घासलं, असं घासलं, की सासू असती तर तिनंही मान डोलवली असती. मेंढा लखलखला. दुसरा हंडा दसऱ्यानंतर करू, असं म्हणून ती अंघोळीला गेली.

दिवाळीपर्यंत घासलेला मेंढा तांबूस पडला, मग तपकिरी. आणि ज्यांना हात लावला नव्हता ते बाकीचे मेंढे तसेच पिवळे. तिनं पुन्हा चिंच लावली. थोडे दिवस झळाळी आली, पुन्हा तपकिरी. पितळ असं कधी वागत नाही. पितळ काळं पडतं तर सगळं पडतं, एक कान काळा आणि एक कान पिवळा असं होत नाही.

त्याच आठवड्यात बैठकीत भाऊराव कुणा पाहुण्याला सांगत होते आणि ती दाराआड सुपारी कातरत होती. "हे पितळ नाही बरं का. काशाचं ओतकाम आहे आणि वर खरं सोनं चढवलेलं. म्हणूनच शंभर वर्षं झाली तरी असं पिवळं. कमिश्नर साहेबसुद्धा पाहायला येतो म्हणालेत."

अडकित्ता तिच्या हातात तसाच राहिला. सोनं अंगावर घालतात, देवाला वाहतात. भांड्याच्या कानाला कुणी सोनं लावत असेल हे आर्वीत, वर्ध्यात, जबलपुरात तिला कुणी सांगितलं नव्हतं. जगातली पिवळी वस्तू चिंचेनं उजळते एवढंच तिला शिकवलं होतं, तेही दात हलवून.

पाहुणा गेल्यावर तिनं तो हंडा हळूच फिरवला आणि खराब मेंढा भिंतीकडे करून ठेवला.

सांगून टाकलं असतं तर? भाऊराव चार दिवस ओरडले असते, असं आपण म्हणतो. आपलं काय जातं म्हणायला! त्या दिवसांत भाऊरावांच्या तोंडी दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली होती. नवऱ्यानं टाकलेली त्यांची एक मामेबहीण ग्वारीघाटाला पायरीवर बसून आल्यागेल्याला कुंकू लावायची आणि मिळेल ते पदरात घ्यायची. सत्यभामेनं तिला पाहिलं होतं, एकदा पदरात दाणेही टाकले होते. मूल नाही हे एक कारण होतंच. आता घरातली लक्ष्मीसुद्धा खरवडते हे दुसरं कारण आपल्याच हातानं कोण देईल?

मार्गशीर्षात विनता आली. गोंदियाच्या छोट्या गाडीनं, तिरोड्याच्या एका मास्तरांची मुलगी. मास्तरांचं नाव अंबादासपंत. घरात मुली पुष्कळ, म्हणून बिजवरालाही हो म्हणाले. पोरगी सावळी, हसरी, मराठी चौथी शिकलेली. वर्तमानपत्र हातात पडलं की मोठ्यानं वाचायची. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली आणि पहिलं काय केलं असेल तर सत्यभामेच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "अक्का, मला काही येत नाही. शिकवाल ना?"

"शिकवीन की," सत्यभामा म्हणाली.

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं विनतेला बैठकीत नेलं. "हे हंडे आजपासून तुझे. या घरात यांच्यापेक्षा मोलाची वस्तू नाही. दर शनिवारी घासायचे."

पोरीला केवढा मान वाटला! माहेरी कार्ड टाकलं, मला सगळ्यात मौल्यवान वस्तू सांभाळायला दिली आहे म्हणून. त्यातली गोम तिला कळायला वेळ लागला. हंड्यांना हात लावला की अंघोळ, अंघोळ झाली की ओलं सोवळं, ते नेसून येईपर्यंत स्वयंपाक झालेला. मग शनिवारचे रोज झाले. सकाळी उठून आधी हंडे पुसायचे. त्यामुळे चूल नाही, देवघर नाही, कोठीघर नाही. घरात नवी नवरी आली होती, पण बैठकीपलीकडे ती पोचलीच नाही. किल्ल्या होत्या त्या कमरेलाच राहिल्या.

"अक्का, हे भिंतीकडचं तोंड काहून काळं झालं?" तिनं पहिल्याच शनिवारी विचारलं.

"कर्नलाच्या घरी कोणी घासत नसेल. तेच तर काढायचं आहे. ही चिंच, ही राख. कंजूषी करू नको. हात जोरात चालव."

पोरगी हात जोरात चालवी. चिंचेनं बोटांना भेगा पडल्या, भेगांत राख गेली. तरी गाणं म्हणत घाशी. चित्रातल्या मडमेशी आणि साहेबाशी तिची गट्टी जमली. "अक्का, हा तिला काय म्हणून राहिला, सांगू? म्हणून राहिला, उतर आता, पोळ्या जळल्या. आणि ती म्हणते, जळू दे, तूच कर." शकुकाकू आतून खुदकन हसली आणि सत्यभामेची नजर पाहून गप्प झाली.

ताजं घासलेलं कासंही पिवळंच दिसतं. भाऊराव येता-जाता बघत आणि खूष होत. "धाकटीचा हात चांगला आहे," असं एकदा जेवताना म्हणालेसुद्धा. सत्यभामेनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

संक्रांतीला अंबादासपंत लेकीला भेटायला आले. बरोबर चिन्नोर तांदळाचं पोतं. जाताना रिकामं पोतं घडी घालून काखेत मारलं, मास्तर माणूस, पोतंही टाकवत नाही. सत्यभामा ओट्यावर उभी होती. तिनं ते पाहिलं आणि विसरूनही गेली, तेव्हापुरती.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी विनता तेलाची वाटी घेऊन आली. "अक्का, बसा ना जरा, डोकं पाहून देते." सत्यभामा नाही नाही म्हणत बसली. पोरीनं अंबाडा सोडला, तेल घातलं, सावकाश बोटं फिरवली. "किती मऊ केस आहेत तुमचे! आणि तुम्ही बांधून ठेवता असे रागावल्यासारखे." आर्वी सोडल्यापासून सत्यभामेच्या डोक्याला मायेचा हात लागला नव्हता. लागला होता तो सासूचा, मानेला. ती डोळे मिटून बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तेल गेलं म्हणून पुसलं. या शनिवारी सांगायचं पोरीला, की बस झालं, आता नुसत्या फडक्यानं पूस. पुढे जे होईल ते दोघी मिळून बघू. असं तिनं खरंच ठरवलं होतं.

शनिवारी ती आमटीसाठी चिंच काढायला कोठीत गेली. चिंचेची बरणी जवळजवळ रिकामी. वर्षाची चिंच होती, खाली बोटभर उरलेली. मोलकरणीला विचारलं, शकुकाकूला विचारलं. मग बैठकीत गेली तर विनता हंड्याआड बसून घासायला दिलेला चिंचेचा गोळा चोखत होती.

"अगं, हे काय?"

पोरगी लाजून लाल झाली. "अक्का, काय माहीत, आंबटच खावंसं वाटून राहिलं. सकाळी पोटात राहत नाही काही."

सत्यभामेनं तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फडताळातून लोणच्याची फोड आणून दिली. फडक्याची गोष्ट मात्र काढली नाही. ती त्यानंतर कधीच काढली नाही. रिकामी असण्याचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. आता भरलेली घरात होती.

आषाढात बातमी आली की दसरा झाल्यावर एक मोठा साहेब भाऊरावांकडे चहाला येणार. रावसाहेबकीची शिफारस त्याच्याच हाती. घरभर रंग सुरू झाला. सत्यभामा विनतेला म्हणाली, "आता तू जड वस्तूंना हात लावू नको, पोरी. असल्या दिवसांत वाकू नये. हंडे मी झाकून ठेवते."

"पण अक्का, काळे पडतील ना?"

"झाकल्यावर कसे पडतील?"

आणि तिनं जुनी लुगडी ओली करून पिळली, हंड्यांना गुंडाळली, वरून चादर बांधली. भाऊरावांनी विचारलं तर म्हणाली, "रंगाचे शिंतोडे उडतील. शिवाय नजर लागते. साहेबासमोरच काढू." भाऊरावांना ते पटलं. उलट आवडलं. पडदा बाजूला करायचा आणि चीज दाखवायची, अशी साहेब लोकांची रीतच होती. सगळा श्रावण, सगळा भादवा तो पाऊस आणि त्या दमट चिंध्या. साधं पितळही त्यात सडलं असतं.

साहेब आला. चहा झाला, चिवडा झाला. भाऊरावांनी हात चोळत चादर ओढली.

मेंढे हिरवट काळे झाले होते. द्राक्षांचे घड कुजल्यासारखे. निळ्या मातीवर हिरवे ओघळ उतरून मडमेच्या उघड्या खांद्यापर्यंत आले होते. साहेब वाकला, चष्मा लावला आणि मग हसला. रागावला असता तर बरं होतं. पोट धरून हसला. इंग्रजीत काही बोलला. भाऊराव त्याच्याबरोबर हसले, हसणं भाग होतं. चहा द्यायला क्लबातून आणलेला बेअरर होता, त्यानं मागच्या दाराशी येऊन सांगितलं, "साहब बोले, ठेकेदार, तुमने तो राजा का मुकुट बटलोई समझ के माँज डाला. सोना नाली में बह गया."

साहेबाची मोटार गल्लीच्या कमानीबाहेर जाईपर्यंत भाऊराव हसत उभे होते. मग आत आले.

"कोणी केलं हे?"

"मी," विनता पटकन म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "म्हणजे, घासले मीच. चिंचेनं. अक्कांनी सांगितलं तसंच घासत होते."

भाऊराव सत्यभामेकडे वळले. शकुकाकू चुलीपाशी उभी राहिली, हातात पळी तशीच.

"मी कशाला सांगू?" सत्यभामा म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "तुम्ही बैठकीत सगळ्यांना सांगता की वर सोनं आहे. दाराआडून मीच ऐकलेलं आहे. सोन्याला कोणी राख लावतं का? मी तर कोरड्या फडक्यानं पुसायची. विचारा काकूंना."

"काकू?" भाऊराव म्हणाले.

शकुकाकूनं पळीकडे पाहिलं. त्या घराच्या बाहेर तिला कुठं जागा नव्हती, आणि त्या घरात कोण उरणार हे तिला त्या क्षणी नीट दिसत होतं. "मी बाई चुलीपाशी असते. मी नाही ऐकलं चिंचेचं."

"अक्का, सांगा ना यांना," विनता म्हणाली. तिला अजून वाटत होतं की अक्का विसरल्या असतील, आठवण दिली की आठवेल. "ती पहिल्या शनिवारची गोष्ट. मी विचारलं नव्हतं का, हे तोंड काहून काळं? तुम्ही म्हणाल्या, हात जोरात चालव."

पोर इतक्या विश्वासानं बघत होती की सत्यभामेला मान फिरवावी लागली. आणि मान फिरवली तेव्हाच तिला ते पोतं आठवलं.

"राग नका मानू," ती भाऊरावांना म्हणाली, "पण इतकं सोनं नालीत कसं जाईल? सोनं जड असतं, खाली बसतं. खरवडलेली राख कोणी गोळा केली तर सोनार काढून देतो म्हणतात. संक्रांतीला मास्तर आले होते तेव्हा जाताना पोतं काहून घेऊन गेले, मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. घरात लग्नाच्या पोरी आहेत बिचाऱ्यांच्या."

विनतेची ट्रंक उघडली. सोनं काय निघणार? एक राखेनं माखलेलं फडकं निघालं, हाताच्या भेगांना बांधायला ठेवलेलं. माणसानं ठरवलं की फडकंही पुरतं.

"अक्का!" विनता एवढंच म्हणाली.

तिला तिरोड्याला पाठवलं. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात. टांगा आला तेव्हा सत्यभामेनं सगळ्या शेजारणींसमोर तिची ओटी भरली, खण-नारळ दिला, "सांभाळून राहा हो," म्हणाली. शेजारणींच्या डोळ्यांना पाणी आलं. सवत असावी तर अशी, म्हणाल्या.

आणि गंमत ऐका. नव्या वर्षाच्या यादीत भाऊरावांना रावसाहेबकी मिळाली. तो हसलेला साहेब मोटारीत बसेपर्यंत हंडे विसरलाही होता. पण तोवर पोरगी गेलेली होती, आणि चूक झाली म्हणणारा रावसाहेब अजून कुणी पाहिलेला नाही. हंडे माळ्यावर गेले.

माघात विनतेला मुलगा झाला. अंबादासपंतांनी पेढे घेऊन स्वतः जबलपूर गाठलं. भाऊरावांनी त्यांना ओट्यावरच उभं ठेवलं.

"जावईबापू, मी गंगाजळी उचलून शपथ घेतो," मास्तर म्हणाले. "पोत्यात काही नव्हतं. पोतं होतं हो नुसतं."

"मुलगा माझा आहे," भाऊराव म्हणाले. "वर्षाचा झाला की न्यायला येईन. तुमची मुलगी तुमच्याकडे राहू द्या. नाहीतर चोरीची फिर्याद पोलिसात आहेच. शाळेत नोकरी करता ना अजून?"

मास्तरांनी पेढ्यांची पुडी ओट्यावर ठेवली आणि स्टेशनकडे चालू लागले. वर्षभरानं भाऊराव एका दाईला घेऊन गेले आणि मूल उचलून आणलं. ते रडून रडून निळं झालं होतं. सत्यभामेनं त्याला दारातच घेतलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मुलाचं नाव श्यामसुंदर ठेवलं. तिला पान्हा फुटणार नव्हता, पण बाकी सगळं तिनं केलं. रात्री उशाशी बसली, गोवर आला तेव्हा नवस बोलली, दुधाची साय त्याच्यासाठी वेगळी काढली. तो तिला आई म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिनं किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून त्याच्या हातात खेळायला दिला. आता तो कुणी काढून घेणार नव्हतं.

श्यामसुंदर चड्डी घालून गल्लीत पळायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सत्यभामा ओट्यावर गहू निवडत होती. कमानीखाली एक बाई येऊन उभी राहिली. काखेत बोचकं, पायांवर धूळ, अंग वाळलेलं.

"अक्का," ती म्हणाली.

सत्यभामेनं सूप खाली ठेवलं.

"आत येत नाही मी. काही मागत नाही. दुरून एकदा पाहू द्या त्याला. बोलणार नाही काही."

"तू कशाला आली? यांनी पाहिलं तर तुझ्या बापाची धडगत नाही."

"बाबा गेले मागच्या वर्षी," विनता म्हणाली. "आता कोणाची धडगत पाहायची आहे?"

तेवढ्यात आवाज ऐकून पोरगा आतून धावत आला. दारात थांबला. बोचक्याकडे बघून म्हणाला, "आई, कोण आहे गं?"

शकुकाकू आतल्या उंबऱ्यापर्यंत आली होती, ती तिथंच भिंतीला टेकली.

"बोहारीण आहे," सत्यभामा म्हणाली. "जुने कपडे घेऊन भांडी देणारी."

विनतेनं काही म्हटलं नाही. बोलणार नाही असा शब्द दिला होता ना तिनं.

पोरगा आत पळाला आणि आपला आखूड झालेला सदरा घेऊन आला. ओट्याच्या पायरीवर उभा राहून त्यानं तो पुढे केला. "घे. मला लोटी पाहिजे. माझी वेगळी."

विनतेनं दोन्ही हातांनी सदरा घेतला. गळा पाहिला, बाही पाहिली, तुटलेल्या गुंडीच्या जागेवरून बोट फिरवलं. बोचक्यात लोटी कुठली? एक लुगडं आणि प्रवासातली भाकरी.

"पुढच्या खेपेला आणीन," ती म्हणाली.

"चमकणारी आण, बरं का."

"हो."

ती गेली. वळणावर थांबली असेल, नसेल. सत्यभामेनं पाहिलं नाही, तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"आई, तिनं लोटी दिलीच नाही."

"असल्या बाया चोरट्या असतात, राजा. सदरा नेला ना फुकट? पुन्हा आली तर दार उघडायचं नाही. कडी घालायची आणि मला हाक मारायची."

"चोर आहे ती?"

"हो."

आतून शकुकाकूच्या हातातलं काही पडल्याचा आवाज आला. पण ती बाहेर आली नाही.

पावसाळा सरल्यावर विनता परत आली. या खेपेला तिच्या हातात लोटी होती, नवी कोरी, मुलाच्या मुठीत मावेल एवढी. कुठून आणली, कशाच्या बदल्यात आणली, कोण विचारणार? श्यामसुंदर ओट्यावर भोवरा फिरवत होता. त्यानं तिला कमानीखाली पाहिलं आणि ओळखलं. ती हसली, लोटी उंच धरून दाखवली.

"आई, चोरटी आली!" तो ओरडला, आत पळाला आणि टाचा उंचावून त्यानं आपल्या हातानं दाराला कडी घातली.

सत्यभामा कोठीतून बाहेर आली. दाराला कान लावून उभी राहिली. बाहेर कुणी दार वाजवलं नाही. मग तिनं पोराला उचलून घेतलं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि, "शहाणा गं माझा बाळ तो," म्हणत डब्यातला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला.